लेखनाचा तास : प्रकल्प नोंदी

४ जुलै २०२५

गुणवत्ता हमी कक्षाचं पत्र आलंय. प्रत्येक प्राध्यापकाने ‘अध्यापनविषयक भूमिका आणि अभ्यासक्षेत्रे’ एका पानात लिहून द्यायची. मुदत दिवाळीच्या सुट्टीनंतरची. सोबत नमुनाही जोडलाय. त्यातलं पहिलं वाक्य ‘विद्यार्थी हा अध्यापन प्रक्रियेचा केंद्रबिंदू आहे’ असं आहे. ते वनस्पतिशास्त्रालाही चालेल आणि शारीरिक शिक्षणालाही.

लेखनकौशल्याचा दोन श्रेयांकांचा पेपर यंदा माझ्याकडे आहे. साठ-सत्तर मुलं, काही कला शाखेची, काही वाणिज्यची. ते एक पान लिहायचंच असेल तर या वर्गात जे होतं त्यावरून लिहावं, म्हणून ही वही. रोजची नोंद ठेवणार नाही. जिथं काही हाती लागेल तिथंच लिहीन.

११ जुलै

पहिलं लेखन वर्गातच घेतलं. विषय मुद्दाम पाठ झालेला दिला : शेतकऱ्याचे मनोगत. त्याआधी विचारलं, घरी शेती कुणाकुणाची? निम्म्याहून जास्त हात वर. अंबाजोगाई, केज, धारूर, परळी या बाजूची मुलं आहेत, सोयाबीन, कापूस, तूर, ऊस यातलं काहीतरी घरात असतंच.

आणि वह्यांत काय आलं? ‘मी जगाचा पोशिंदा बोलतोय.’ ‘काळ्या आईची सेवा.’ ‘अंगातून घामाच्या धारा.’ ‘माझी सर्जा-राजाची जोडी.’ एकाला विचारलं, बैल आहेत का रे तुमच्याकडे? म्हणाला, ‘नाही मॅडम, आजोबा होते तवाच विकलेत. आता ट्रॅक्टरवाल्याला सांगतोत.’ वहीत मात्र त्याने सर्जा-राजा जुंपलेले. एकाही वहीत सोयाबीनचा भाव नाही, फवारणीचा पंप नाही, पीकविम्याचा अर्ज नाही. डीपी (विजेचं रोहित्र) जळाली म्हणून दोन-दोन रात्री शेतात काढणारा बाप नाही.

हा मुलांचा आळस नव्हे. आत्मकथन, मनोगत, कल्पनाविलास हे सगळं त्यांनी शाळेत मन लावून केलेलं आहे आणि त्यावर गुणही मिळवलेत. निबंधात घरचं आणायचं नसतं हा नियम कुणी फळ्यावर लिहिला नाही, तरी पोरांनी तो बरोबर ओळखलाय. माझ्या पानाचा पहिला मुद्दा बहुधा इथेच आहे : मुलांकडे भाषा नाही, ही तक्रार खोटी आहे. भाषा भरपूर आहे, ती वर्गाच्या दाराबाहेर चपलांसारखी काढून यायची सवय लागलीय.

२१ जुलै

दहा मिनिटं न थांबता लिहायचं. खोडायचं नाही, मागं वळून वाचायचं नाही, शब्द अडला तर ‘अडलं’ असं लिहून पुढे जायचं. हा सराव अमेरिकेतल्या पीटर एल्बो यांच्या १९७३च्या पुस्तकामुळे सगळीकडे पोचला. एल्बो यंदाच गेले. त्यांचं सगळंच मला पटत नाही. आतलं मोकळं झालं की लेखन आपोआप होतं, हा त्यांच्या काही अनुयायांचा सूर मला भाबडा वाटतो. पण कुलूप उघडायला ही युक्ती उपयोगी आहे.

विषय दिला : आज उठल्यापासून या बाकावर बसेपर्यंत. पहिली दोन-तीन मिनिटं बहुतेकांनी ‘काय लिहू, काय लिहू’ असंच लिहिलं, एकाने सिनेमाचं गाणं उतरवलं. मग हात चालायला लागले. पिठाची गिरणी, दूध घालून येणं, जीप भरेपर्यंत फाट्यावर थांबणं. मागच्या बाकावरच्या एका मुलीचं वाक्य : ‘आमच्यात नळाला रोज पाणी येत नाही, ज्या दिवशी येतं त्या दिवशी मी पहिल्या तासाला नसते.’ हजेरीपत्रक काढून पाहिलं. तिच्या रकान्यातल्या गैरहजेऱ्या जवळपास नळाच्या वेळापत्रकाप्रमाणे पडलेल्या आहेत.

एवढं नेमकं वाक्य तिला मनोगतात सुचलं नव्हतं.

१ ऑगस्ट

लाल पेनाचा प्रश्न. पहिल्या खर्ड्यावर मी चुका दुरुस्त करत नाही, गुणही देत नाही. समासात फक्त वाचक म्हणून लिहिते : ‘इथे कोण बोलतंय ते कळेना.’ ‘हे डोळ्यांपुढे आलं.’ ‘मग पैसे कुणी दिले?’ दुसरा खर्डा आला की त्यातल्या एकाच गोष्टीवर बोलायचं. सगळ्यावर एकदम बोललं की मूल फक्त शिक्षक सांगतो तेवढं बदलतं आणि आपल्याला काय म्हणायचं होतं ते सोडून देतं. अमेरिकेतल्याच लेखन-अभ्यासक नॅन्सी समर्स यांनी १९८२ साली शिक्षकांचे शेरे तपासून हेच दाखवलं होतं : शेरा विद्यार्थ्याचं लक्ष त्याच्या हेतूवरून काढून शिक्षकाच्या हेतूवर नेतो. शिवाय ‘अधिक स्पष्ट लिहा’ हा शेरा कुठल्याही वहीवरून उचलून कुठल्याही वहीवर ठेवता येतो, हेही त्यांनी सांगून ठेवलंय. आपल्याकडचा ‘हस्ताक्षर सुधारा’ त्याच जातीचा.

मुलं मात्र अस्वस्थ आहेत. ‘मॅडम, बरोबर हाय का चूक तेवढं सांगा की.’ बारा-तेरा वर्षं ज्याने बरोबर-चूक हेच ऐकलंय, त्याला ‘मग पैसे कुणी दिले?’ हा शेरा शेराच वाटत नाही. एकाने त्याच्याखाली प्रामाणिकपणे उत्तर लिहून वही परत दिली : ‘मामाने.’ मजकुरात काही बदल नाही. मी हसले, पण मग त्याला समोर बसवून म्हटलं, मामा वर घे, कर्जाच्या ओळीच्या आधी. तेव्हा त्याला कळलं.

वेळेचं गणित कठीण आहे. एवढ्या वह्या एका आठवड्यात नीट वाचून होत नाहीत. म्हणून तिघातिघांचे गट केलेत : लिहिणाऱ्याने मोठ्याने वाचायचं, ऐकणाऱ्यांनी फक्त जिथे लक्ष सुटलं तिथे बोट वर करायचं. सल्ला द्यायला बंदी. सल्ले लगेच ‘सुविचार टाक’ या थराला जातात.

७ ऑगस्ट

आज तास नव्हता, ग्रंथालयात बसले. हे माझं दुसरं काम, ज्याला फॉर्ममध्ये ‘अभ्यासक्षेत्र’ म्हणतात.

मराठी गद्याचा इतिहास आपण छापील लेखकांवरून लिहितो. महानुभावांच्या लीळांपासून बखरी, मग १८३२चं ‘दर्पण’, इंग्रज अधिकारी मेजर कँडींची शालेय पुस्तकं आणि त्यांच्याबरोबर आलेली विरामचिन्हं, मग निबंधकार. पण शाळा-कॉलेजांत शिकणाऱ्यांनी जे लिहिलं त्याचं काय झालं? उत्तरपत्रिका मुदत संपली की रद्दीत जातात, वह्या घरच्या रद्दीत. जवळपास दोनशे वर्षं मराठी मुलं मराठीतून निबंध लिहिताहेत आणि त्यातलं हाताशी काहीच नाही. मराठी मुलांना लिहायला कसं शिकवलं गेलं हे पाठ्यपुस्तकांवरून कळतं. ती खरोखर काय लिहीत होती ते कळत नाही.

जे थोडं उरलंय ते कॉलेजच्या वार्षिकांकांत. म्हणून मी बांधीव वार्षिकांक वाचतेय. कविता सोडून देते, कविता सगळ्या एकसारख्या. १९७२च्या दुष्काळानंतरचा अंक आज पाहिला. ‘दुष्काळाचे थैमान’ या छापाचे लेख आहेतच, त्यांत धरणीमाता भेगाळते आणि वरुणराजा रुसतो. पण एक दीड पानाचा लेख वेगळा निघाला. मुलाने सुट्टीत दुष्काळी कामावर खडी फोडली होती. हातोडी कशी धरायची, ढीग मोजायला येणारा माणूस फूटपट्टी कुठून लावतो, सुकडी मिळायची तिची चव कशी होती, आणि ती न खाता घरी कशी न्यायची. संपादकांनी त्याला अंकाच्या शेवटी, क्रीडा अहवालाच्या अलीकडे जागा दिलीय. वरुणराजा पहिल्या पानावर.

१८ ऑगस्ट

वर्गात मुक्ता साळवे वाचली. ‘मांग महाराच्या दुःखाविषयी’ हा तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात दोन भागांत छापून आला. जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेची विद्यार्थिनी, वय चौदाच्या आसपास. हा निबंध दलित साहित्याच्या, स्त्रीलेखनाच्या इतिहासात नेहमी येतो, आणि यायलाच हवा. मी तो आणखी एका कारणासाठी शिकवते : तो एका विद्यार्थिनीचा शाळेतला निबंध आहे. छापला गेला म्हणून वाचला. त्याच शाळेतल्या बाकी मुलींच्या पाट्या पुसल्या गेल्या.

मुलांना आधी फक्त एवढंच शोधायला सांगितलं, की ही मुलगी एखादी गोष्ट पटवते कशी. त्यांनी काढलेलं असं : ती प्रश्न विचारते आणि तो थेट देवाला विचारते. वेद वाचायचा अधिकार आम्हाला नाही, मग आमचा धर्म कोणता ते तरी सांग. नाव घेऊन राज्यकर्त्याच्या काळातले जुलूम सांगते. आणि मग बाळंतपणावर येते : अंगावर छप्पर नसताना आमच्या बायका बाळंत होतात, तेव्हा थंडीवाऱ्यात त्यांना काय दुःख होत असेल. तिथे वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरची नळवाली मुलगी म्हणाली, ‘मॅडम, हे तिनं बघितलेलं असणार.’ हो, असणार. ते वाक्य ऐकीव नाही. निबंधाच्या शेवटी ती आपल्या लोकांकडे वळते, तुम्ही शिका म्हणते. एकाच निबंधात देव, राज्यकर्ते आणि आपले लोक असे तीन श्रोते, आणि प्रत्येकाशी बोलायचा सूर निराळा.

एका मुलाने विचारलं, ‘तिला किती मार्क पडले असतील?’ प्रश्न गमतीचा वाटला तरी त्यावर बराच वेळ गेला. जुन्या छपाईतलं मराठी दाखवलं : ‘कांहीं’, ‘नाहीं’, अक्षरागणिक अनुस्वार. ते तेव्हा शुद्ध होतं. १९६२ साली साहित्य महामंडळाचे चौदा नियम आले, त्यांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, १९७२ साली आणखी चार नियम आले. म्हणजे तिचा निबंध जसाच्या तसा आज परीक्षेत लिहिला तर लाल वर्तुळांनी भरेल, आणि आजचं ‘काही नाही’ तेव्हाच्या मास्तरांनी कापलं असतं. नियम हवेतच, पण ते माणसांनी केले आणि माणसांनी बदलले, हे एकदा कळलं की मुलांची भीती उतरते. नियमाबद्दलचा आदर मात्र उतरलेला मला दिसला नाही. उलट ‘अठराच? मग शिका की,’ असं एक जण म्हणाला.

९ सप्टेंबर

गणपतीनंतर वह्या आल्या. त्यातल्या काही मशीनच्या. ओळखायला अवघड नाही : प्रत्येक परिच्छेदात कशाची तरी ‘महत्त्वपूर्ण भूमिका’ असते, कशावर तरी ‘प्रकाश टाकला’ जातो, आणि कुणाचंही गाव येत नाही. आरडाओरडा करण्यात अर्थ नाही. गाइडच्या पुस्तकातून उतरवलेला पोशिंदा आणि मोबाइलवर तयार झालेली महत्त्वपूर्ण भूमिका यांत मला फारसा फरक दिसत नाही, फक्त दुसरी फुकट मिळते. पहिला खर्डा वर्गातच, हाताने, एवढाच उपाय केलाय. आणि विषय असे की मशीनला माहीत नसतील.

१५ सप्टेंबर

स्टाफरूममध्ये जोरदार वाद. एक ज्येष्ठ सहकारी सर मनापासून बोलले : ‘मॅडम, तुम्ही चुका काढत नाही, पण भरतीच्या पेपरात व्याकरणाला गुण आहेत. राज्यसेवेची मुख्य परीक्षा यंदापासून वर्णनात्मक झाली, त्यात मराठीचा पेपर आहे, निबंधाचा वेगळा आहे. आपली पोरं तिथं मार खातील.’ मुद्दा खरा आहे. इथल्या मुलाला पोलीस भरतीत एक-दोन गुणांनी मागं राहणं परवडत नाही. त्याच्यापुढे भाषिक स्वातंत्र्याची व्याख्यानं देणं म्हणजे भरल्या पोटाने उपासाचं महत्त्व सांगणं.

पण चूक काढायची कधी आणि कशासाठी, हा माझा प्रश्न आहे. आपल्याकडे चूक दाखवण्याचा इतिहास निरागस नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ला सुरू झाली. चौऱ्याऐंशी अंकांत त्यांनी मराठी निबंधाला जे वजन दिलं ते मी दरवर्षी शिकवते, आवडीने शिकवते. त्याच मालेत त्यांनी जोतीराव फुल्यांच्या लेखनावर लिहिताना त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची टर उडवली. काय म्हटलंय यापेक्षा कसं म्हटलंय ते दाखवून माणसाला गप्प करता येतं, हे तिथे स्पष्ट दिसतं. पुढे १८८५मध्ये ग्रंथकार सभेचं, म्हणजे मराठी लेखकांच्या संमेलनाचं, निमंत्रण जोतीरावांनी नाकारलं, त्या पत्रातला राग एका दिवसाचा नाही.

आणि दुसरीकडे मिना शॉनेसी. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात १९७० साली सरसकट प्रवेश सुरू झाला, घरात कॉलेज न पाहिलेली मुलं वर्गात आली. प्राध्यापकांनी कपाळावर हात मारला. या बाईंनी त्या मुलांचे सुमारे चार हजार प्रवेशनिबंध वाचून काढले आणि १९७७च्या पुस्तकात दाखवलं की चुकांना तर्क असतो. ही माझ्या कामाची खरी गुरू. आमच्याकडे घरात ‘पानी’, ‘लोनी’ म्हणतात. शाळेत त्यावर इतकं रागावलेलं असतं की मूल घाबरून जिथे नको तिथेही ण घालतं : ‘विणंती’, ‘मणोगत’, ‘पंचणामा’. हे अडाणीपण नव्हे, नियम पाळण्याचा अतिरेक आहे. हे त्याला समजावून सांगितलं की दोन आठवड्यांत सुटतं. नुसतं वर्तुळ काढलं तर पदवीपर्यंत सुटत नाही.

सरांना एवढं म्हटलं, ऑक्टोबरात शुद्धलेखन घेणार आहे, तुम्हीच येऊन बघा. ते ‘बघू’ म्हणाले.

३० सप्टेंबर

गेले दहा दिवस वर्ग नावालाच. मराठवाड्यात पावसाने हाहाकार केलाय, नद्या-ओढे पात्राबाहेर, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात. जी मुलं आली त्यांनी स्वतःच सांगितलं, मॅडम, अर्ज लिहायचा आहे, पंचनाम्यासाठी. नियोजनातला ‘अहवाललेखन’ हा घटक बाजूला ठेवला.

एका मुलाने वडिलांच्या नावाने लिहिलेला खर्डा : ‘महोदय, वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की, मी एक गरीब व कष्टाळू शेतकरी असून निसर्गाच्या अवकृपेने माझ्या तोंडाशी आलेला घास हिरावून घेतला आहे. माझ्यावर दुःखाचा डोंगर कोसळला आहे. तरी मायबाप सरकारने माझी दखल घ्यावी.’

याला कमी लेखण्यासारखं यात काही नाही. अर्ज असाच असतो असं त्याने पाहिलंय. मी फक्त विचारलं, तहसील कचेरीत हा कागद कोण उघडणार? त्याच्यापुढे असे किती असतील? आणि त्याला त्याच्या तक्त्यात काय भरायचंय? तो बराच वेळ पेन हातात धरून बसला. मग शेजारच्याशी बोलला. मग वडिलांना फोन लावला, गट क्रमांक विचारला.

दुसरा खर्डा, गट क्रमांक वगळून : ‘एक हेक्टर वीस आर क्षेत्रात सोयाबीन होते, काढणीला आले होते. २२ सप्टेंबरच्या रात्री ओढ्याचे पाणी बांधावरून आत आले, ते तीन दिवस हटले नाही. शेंगांना कोंब फुटले आहेत. ओढ्याकडील अंदाजे अर्धा एकर जमीन खरडून गेली असून तिथे आता खडक दिसतो. पिकाचे व खरडलेल्या जमिनीचे नुकसान वेगवेगळे नोंदवावे, ही विनंती. फोटो जोडले आहेत. मायबाप सरकारने दखल घ्यावी.’

शेवटचं वाक्य का ठेवलं विचारलं. ‘वडील म्हणले ऱ्हाऊ दे.’ राहू दे. त्यांचा अर्ज आहे.

‘तिथे आता खडक दिसतो’ या चार शब्दांनी काम केलंय. दुःखाचा डोंगर गेला आणि दुःख कळलं. वेगवेगळे नोंदवावे ही मागणी पहिल्या खर्ड्यात नव्हतीच, ती त्याला लिहिताना सुचली. पिकाचं नुकसान आणि जमीन खरडणं या मदतीच्या वेगळ्या बाबी असतात हे त्याला गावात ऐकून माहीत होतं, पण ‘अवकृपा’ लिहीत असताना ते आठवायला जागाच नव्हती. लेखनातून विचार होतो असं आम्ही परिषदांमध्ये म्हणतो. बघायला असं क्वचित मिळतं.

९ ऑक्टोबर

शुद्धलेखनाचा आठवडा. पुस्तक पहिल्या नियमापासून शिकवलं नाही. प्रत्येकाने आपल्याच वहीतल्या तोपर्यंतच्या चुका काढून मागच्या पानावर गट पाडायचे. बहुतेकांच्या चुका चार-पाच गटांत बसतात : शेवटचा इकार-उकार, न-ण, श-ष, आणि सामान्यरूप होताना ऱ्हस्व होणारं अक्षर. वीज पण विजेचा, फूल पण फुलाचं. हा शेवटचा नियम कळल्यावर एका वाणिज्यच्या मुलाने ‘म्हणजे फॉर्म्युलाच आहे’ म्हणून स्वतःच वीस शब्द करून आणले. आपल्या चुकांची यादी आपल्याच हाताने केली की मुलं तिच्याकडे हिशेबासारखी बघतात, शिक्षेसारखी नाही.

ज्येष्ठ सर खरंच येऊन बसले. शेवटी एवढंच बोलले, ‘हे जुलैत घेतलं असतं तर चाललं नसतं का?’ माझ्या मते नसतं. जुलैत दुरुस्त करायला वह्यांत पोशिंद्याशिवाय काही नव्हतं, आणि पोशिंदा पाठ असल्यामुळे शुद्धच होता. सरांना हे पटलेलं नाही. ते पुढच्या सत्रात एका तुकडीला उलट क्रमाने शिकवून बघणार आहेत. बघावंच.

१५ ऑक्टोबर

सुट्टीआधीचा शेवटचा तास. वर्ग आजच पातळ झालाय. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतील, काही मुलं आईवडिलांसोबत पश्चिम महाराष्ट्रात, काही कर्नाटकात, आणि त्यातली काही परीक्षेपुरती परत येतील. बीड जिल्ह्यात कॉलेजचं वेळापत्रक करताना साखर कारखान्यांचा हंगाम कुणी विचारात घेत नाही, ही माझी जुनी कुरकुर.

शेवटचं लेखन होतं : जे तुम्हाला येतं आणि समोरच्याला येत नाही, ते त्याला लिहून द्या. वाचक खरा हवा, नाव सांगायचं. एका मुलाने नवीन लग्न झालेल्या चुलतभावासाठी लिहिलं, जो यंदा पहिल्यांदा मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेऊन ऊसतोडीला निघालाय. मुकादमाच्या वहीबरोबर आपली वही ठेव. टनाची पावती त्याच दिवशी उतरवून घे. डोकी सेंटरला (जिथे मोळ्या डोक्यावर वाहून गाडी भरतात) गेलास तर गाडी भरायचा वेळ धर, रात्री-अपरात्री गाडी आली तरी भरावी लागते. वाढ्याचे (उसाच्या हिरव्या शेंड्यांचे) पैसे कुणाचे ते आधीच बोलून घे. आणि मग : ‘खाडा वहिनीचा पडला तरी कोयता म्हणून दोघांचा लिहितात. म्हणून तिला ताप आला तर त्या दिवशीची तारीख लिहून ठेव, सुट्टी धरली का खाडा ते विचार.’ (कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, खाडा म्हणजे पैसे कापले जाणारी गैरहजेरी.)

मी समासात काही लिहिलं नाही. एकच विचारलं, वाढ्याचं पुढे काय होतं ते भावाला माहीत आहे का? ‘त्याला हाय. तुम्हाला नाही,’ म्हणाला. वाचक कोण हे त्याला माझ्यापेक्षा पक्कं माहीत होतं, त्यामुळे तो प्रश्न मागे घेतला.

१० नोव्हेंबर

पान लिहिलं. कच्चा मजकूर इथे उतरवून ठेवते :

‘मी कॉलेजमध्ये मराठी लेखन शिकवते. विद्यार्थी भाषा घेऊनच येतो असं मी धरून चालते. माझं काम ती भाषा कागदावर यायला वाव देणं, आणि मग ती दूरच्या, अनोळखी वाचकाला कळेल अशी करायला मदत करणं. म्हणून प्रत्येक लेखनाला खरा वाचक असतो आणि किमान दोन खर्डे असतात. पहिल्यावर मी वाचक म्हणून प्रश्न विचारते, दुरुस्ती करत नाही. बोलीतलं लेखन पहिल्या खर्ड्यात चालतं, शेवटच्या खर्ड्यात ठेवायचं की नाही हे वाचक पाहून लिहिणाऱ्याने ठरवायचं. प्रमाणलेखनाचे नियम मी शिकवते, उशिरा शिकवते आणि विद्यार्थ्याच्या स्वतःच्या चुकांवरून शिकवते. परीक्षांना ते लागतात, हे मी विसरत नाही. अभ्यासक्षेत्रे : एकोणिसाव्या शतकापासूनचं मराठी विद्यार्थ्यांचं लेखन, शुद्धलेखन नियमांचा सामाजिक इतिहास, शिक्षकांचे शेरे, पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांचं गद्य.’

‘माझं काम’ या वाक्यात ‘वाव देणं’ मला खटकतंय, जरा दानशूरपणाचा वास येतो. पण आज एवढंच. कक्षाच्या क्लार्कने मजकूर पाहून ‘मॅडम, यात आउटकम नाहीत’ असं सांगितलं. वेगळा तक्ता जोडून दिला, त्यात ज्ञान, कौशल्य आणि वृत्ती असे तीन रकाने आहेत. तक्ता भरायला पान लिहिण्याच्या निम्माही वेळ लागला नाही.

१४ नोव्हेंबर

पुढच्या सत्रासाठी ग्रंथपालांशी बोलणं झालं. मुलांच्या संमतीने निवडक वह्या ग्रंथालयात ठेवायच्या, रद्दीत घालायच्या नाहीत. एक कपाट मिळेल, वाळवीचा बंदोबस्त आपण करायचा. संमतीपत्राचा मसुदा मी न करता वर्गालाच करायला देणार आहे. परीक्षेला आलेल्या दोघी-तिघींशी यावर बोलले. नाव घालायचं की नाही यावर त्यांचं एकमत नाही. एकीला नाव नको पण गाव हवं, दुसरीला नेमकं उलटं. दोन्ही पर्याय ठेवायचे, आणि नंतर मन बदललं तर वही परत मागता यावी, असं कलम घालायचं ठरलं. अर्थात पंचनाम्याच्या अर्जांतले गट क्रमांक आणि उसाच्या वहीतली मुकादमांची नावं झाकावी लागतील, ते काम माझ्याकडे.